ठाण्यातले संकेतस्थळ, अमेरिकेतले ग्राहक : खासगी माहितीचे कायदे पाळायचे कसे?

गणपती उठले की नौपाड्यातल्या एका घरगुती फराळ करणाऱ्या बाईंच्या संकेतस्थळावर अमेरिकेच्या ऑर्डरी येऊ लागतात. पैसे बहुधा इथलेच आई-वडील भरतात, पत्ता मात्र कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनचा असतो, आणि पत्त्याबरोबर मुलीचे नाव, तिचा मोबाइल क्रमांक, इमेल आणि कधी कधी ‘नातवाला शेंगदाणा चालत नाही’ अशी सूचनाही येते. या बाईंचे संकेतस्थळ मी सांभाळतो. एका वर्षी त्यांना सॅन होजेहून चार ओळींचे इमेल आले : माझी सगळी माहिती काढून टाका आणि काढल्याचे कळवा. बाईंनी संकेतस्थळावरचे खाते काढले, तसे कळवले आणि काम झाले असे त्या समजल्या. पुढच्या नवरात्रात त्याच ग्राहकाला ‘यंदाही चकली पाठवू ना?’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश गेला, कारण पॅकिंग करणाऱ्या मुलाच्या मोबाइलमधल्या ब्रॉडकास्ट यादीत तो क्रमांक तसाच राहिला होता. उलट उत्तर रागाचे आले. प्रकरण तिथेच मिटले, पण बाईंनी मला विचारले, “आपल्याला अमेरिकेतले हे कायदे खरेच लागू होतात का?” काही होतात, बरेचसे होत नाहीत आणि आपल्या देशाचा कायदा मात्र नक्की होतो, हे त्याचे खरे उत्तर आहे. ते कसे ठरवावे आणि ठरल्यावर काय करावे, याची पद्धत पुढे दिली आहे.

धोरण नंतर, आधी मोजदाद

बहुतेक संकेतस्थळांचे मालक ‘प्रायव्हसी पॉलिसी’पासून सुरुवात करतात आणि ती कोणाच्या तरी संकेतस्थळावरून उचलतात. मी तपासलेल्या एका मसाल्यांच्या दुकानाच्या धोरणात दुबईतल्या कार्यालयाचा उल्लेख होता, तर दुकान होते सानपाड्यात एका गाळ्यात. अशी उसनी कागदपत्रे केवळ हास्यास्पद नसतात, ती धोक्याचीही असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाला, ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या व्यवहारांवर कारवाई करण्याचा अधिकार आहे आणि ‘आम्ही तुमची माहिती कोणालाही देत नाही’ असे लिहून ती देत राहणे हा दिशाभुलीचाच प्रकार ठरतो. धोरण नसण्यापेक्षा खोटे धोरण वाईट, ते यासाठी.

त्यामुळे पहिली पायरी म्हणून आपल्या संकेतस्थळावर कोणती माहिती येते आणि ती कुठे कुठे जाते, हे स्वतः पाहावे. आम्ही वापरली ती युक्ती साधी होती. एक वेगळा इमेल पत्ता उघडून, कोणाचेही नसेल असे नाव घेऊन मी बाईंच्या संकेतस्थळावर अर्धा किलो भाजणीची ऑर्डर दिली आणि आठ दिवसांनी ते नाव शोधत निघालो. ते अकरा ठिकाणी सापडले : संकेतस्थळाच्या ऑर्डर यादीत, पेमेंट गेटवेच्या खात्यात, बाईंच्या इमेलमध्ये, गूगल शीटमध्ये, स्वयंपाकघरात चिकटवलेल्या छापील यादीत, कुरिअरच्या पोर्टलवर, पार्सलबरोबर जाणाऱ्या बिलाच्या प्रतीत, पॅकिंग करणाऱ्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, सामूहिक इमेल पाठवणाऱ्या सेवेत, सीएंच्या कार्यालयातल्या टॅलीमध्ये आणि होस्टिंग कंपनीच्या बॅकअपमध्ये. यांपैकी चार जागा बाईंच्या खिजगणतीतही नव्हत्या. ही यादी एका कागदावर उतरवावी आणि प्रत्येक जागेसमोर तीन गोष्टी लिहाव्यात : माहिती तिथे कशासाठी गेली, ती कोण पाहू शकतो आणि ती केव्हा काढली जाते. तिसरा रकाना पहिल्यांदा जवळपास सर्वत्र कोरा राहतो. तो भरणे हेच पुढचे काम असते.

ही झाली ग्राहकाने स्वतः भरलेली माहिती. त्याच्या नकळत जाणारी माहिती पाहण्यासाठी संगणकावर आपले संकेतस्थळ उघडून एफ-१२ हे बटण दाबावे, उघडलेल्या चौकटीत ‘नेटवर्क’ हा विभाग निवडावा आणि पान पुन्हा लोड करावे. आपले पान कोणकोणत्या संगणकांशी बोलते, त्याची यादी भराभर खाली उतरू लागते. बाईंच्या संकेतस्थळावर मला त्यात फेसबुकच्या पत्त्यावर जाणारी एक ओळ दिसली आणि तिच्या पोटात ग्राहक पाहत असलेल्या पानाचा संपूर्ण पत्ता होता. त्या वेळी मी ‘मधुमेहींसाठी साखरविरहित लाडू’ या पानावर होतो, म्हणजे कोणी तरी मधुमेहाचा लाडू पाहत आहे, ही बातमी लाडू टोपलीत टाकण्याआधीच मेटाकडे, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीकडे पोचली होती. काही वर्षांपूर्वी एका जाहिरात मोहिमेसाठी कोणी तरी हा ‘पिक्सेल’, म्हणजे पाहुण्याची माहिती फेसबुकला कळवणारा छोटा कोड, लावला होता. मोहीम संपली, माणूसही गेला आणि पिक्सेल तेवढा उरला.

कोणता कायदा, कोणाला

अमेरिकेत ग्राहकांच्या खासगी माहितीसाठी संपूर्ण देशाला लागू होणारा एकच सर्वसमावेशक कायदा नाही, म्हणून राज्याराज्यांनी आपापले कायदे केले. पहिला कॅलिफोर्नियाचा : ‘कॅलिफोर्निया कन्झ्युमर प्रायव्हसी अ‍ॅक्ट’ २०१८ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. नोव्हेंबर २०२० मधल्या मतदानाने तो अधिक कडक झाला आणि त्या दुरुस्त्या १ जानेवारी २०२३ पासून अमलात आल्या. त्याच दिवशी व्हर्जिनियाचा कायदा सुरू झाला. पुढे कोलोरॅडो, कनेक्टिकट, युटा, टेक्सास, ओरेगन, मोंटाना अशी रांग लागली. २०२५ मध्ये न्यू जर्सी, डेलावेअर, मिनेसोटा, मेरिलँड वगैरे राज्ये तिच्यात आली आणि १ जानेवारी २०२६ रोजी इंडियाना, केंटकी व ऱ्होड आयलंड यांचे कायदे सुरू झाले. फ्लोरिडाचा मर्यादित कायदा सोडला तरी त्या दिवशी अशी १९ राज्ये होती.

आपली कचेरी गोखले रोडवर आहे की वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, याच्याशी या कायद्यांना फारसे कर्तव्य नाही. माहिती कोणत्या राज्याच्या रहिवाशाची आहे, हे ते पाहतात. मात्र बहुतेक कायद्यांना उंबरठा आहे आणि छोटा व्यवसाय बहुधा त्या उंबरठ्याच्या बाहेरच राहतो. कॅलिफोर्नियाचा कायदा लागू होण्यासाठी तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते : वार्षिक उलाढाल २ कोटी ६६ लाख २५ हजार डॉलरपेक्षा अधिक असावी (महागाईनुसार जानेवारी २०२५ मध्ये सुधारलेला हा आकडा आहे, मूळ आकडा अडीच कोटींचा होता), किंवा वर्षभरात १ लाख ग्राहकांची अथवा कुटुंबांची माहिती विकत घेतली, विकली वा ‘शेअर’ केली असावी, किंवा निम्मे वा त्याहून अधिक उत्पन्न अशा विक्रीतून वा शेअरिंगमधून येत असावे. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी इथे १ लाख ग्राहक, किंवा २५ हजार ग्राहक आणि सोबत माहितीच्या विक्रीतून व्हर्जिनियात निम्म्याहून अधिक उत्पन्न, तर न्यू जर्सीत काही लाभ, असे गणित आहे. मेरिलँड व डेलावेअर यांनी उंबरठा ३५ हजारांवर आणला आहे. टेक्सासने आकडाच ठेवलेला नाही. तिथे अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाच्या व्याख्येत बसणाऱ्या छोट्या व्यवसायांना सूट आहे, परंतु संवेदनशील माहिती विकायची असेल तर त्यांनाही ग्राहकाची आधी संमती घ्यावी लागते.

कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या अटीतल्या ‘शेअर’ या शब्दापाशी जरा थांबावे लागते. एका संकेतस्थळावर पाहिलेल्या वस्तूची जाहिरात दुसरीकडे दाखवण्यासाठी माहिती देणे, असा त्याचा अर्थ कायद्यात दिला आहे आणि त्यात पैसे हातात पडण्याची गरज नाही. म्हणजे वर सांगितलेला पिक्सेल ज्या संकेतस्थळावर आहे आणि ज्याला कॅलिफोर्नियातून दिवसाला सरासरी २७४ नवे पाहुणे भेट देतात, ते वर्षाला लाखाचा आकडा गाठते. फराळाच्या दुकानाला हे जमणार नाही. पण जाहिरातींवर चालणारे, परदेशातही वाचले जाणारे मराठी पाककृतींचे संकेतस्थळ असेल तर मालकाने पाहुण्यांची मोजणी करणाऱ्या अ‍ॅनालिटिक्स सेवेत राज्यवार आकडे काढून पाहावेतच.

ज्यांना उंबरठा नाही असे दोन कायदे मात्र छोट्यांच्या वाट्याला हमखास येतात. पहिला कॅलिफोर्नियाचाच, २००३ चा ‘ऑनलाइन प्रायव्हसी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’, जो १ जुलै २००४ पासून लागू आहे. कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाचे नाव, पत्ता वा इमेल गोळा करणाऱ्या कोणत्याही व्यापारी संकेतस्थळाने आपले धोरण ठळकपणे लावले पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. दुसरा वॉशिंग्टन राज्याचा ‘माय हेल्थ माय डेटा अ‍ॅक्ट’. २०२३ मध्ये झालेला हा कायदा मोठ्या व्यवसायांना ३१ मार्च २०२४ पासून आणि छोट्यांना ३० जून २०२४ पासून लागू झाला. त्यात ‘आरोग्यविषयक माहिती’ची व्याख्या बरीच सैल आहे आणि ग्राहकाला थेट न्यायालयात जाता येते. सिअ‍ॅटलच्या परिसरातले आपले लोक डोळ्यांसमोर ठेवून सांधेदुखीचे तेल किंवा गर्भसंस्काराचे वर्ग विकणाऱ्याने तो कायदा वाचलाच पाहिजे. त्यासाठी आरोग्यविषयक माहितीचे स्वतंत्र धोरण लिहून त्याची लिंक मुखपृष्ठावर द्यावी लागते आणि ऑर्डर पुरी करण्यापलीकडे ती माहिती वापरायची असेल तर वेगळी संमती घ्यावी लागते.

वधू-वर सूचक मंडळांची गोष्ट आणखी निराळी आहे. धर्म, जात, पत्रिका, जन्मवेळ, रक्तगट, कधी चष्म्याचा नंबर, एवढी माहिती एका अर्जात गोळा करणारा दुसरा व्यवसाय क्वचितच असेल. यातला धर्म, वांशिक ओळख आणि आरोग्य हे तपशील व्हर्जिनिया, कोलोरॅडो, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत ‘संवेदनशील’ गणले जातात आणि ते घेण्यापूर्वी स्पष्ट संमती घ्यावी लागते. ठाण्यातले मंडळ उंबरठ्याच्या आत येणार नाही हे खरे, तरीही अर्जातला ‘गोत्र’ हा रकाना ऐच्छिक करावा आणि जन्मवेळ जुळणी पाहायची असेल तेव्हाच मागावी, असे मी तरी सांगेन.

धोरणात काय लिहावे

मोजदादीचा कागद समोर असला तर धोरण लिहायला एक दुपार पुरते. कोणकोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, ती कोणत्या प्रकारच्या बाहेरच्या लोकांना देतो (पेमेंट गेटवे, कुरिअर, हिशेबनीस, जाहिरात कंपनी), किती काळ ठेवतो, ग्राहकाने ती पाहण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी वा काढून टाकण्यासाठी कुठे लिहावे, धोरण बदलले तर कसे कळवू आणि हे धोरण कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे सर्व सरळ वाक्यांत लिहावे. ब्राउझरने पाठवलेल्या ‘माझा माग काढू नका’ या इशाऱ्याला आपण काय प्रतिसाद देतो, हेही कॅलिफोर्नियाचा २००३ चा कायदा विचारतो. प्रत्येक पानाच्या तळाशी लिंक असावी आणि तिच्यात ‘प्रायव्हसी’ हा शब्द असावा. ‘अधिक माहिती’ अशा नावाखाली ती दडवू नये.

ज्यांच्याकडे आपण माहिती सोपवतो, त्यांच्याशी लेखी करार असावा ही अट जवळपास सर्व राज्यांच्या कायद्यांत आहे आणि आपल्या कायद्यातही वैध कराराची अट आहे. मोठ्या कंपन्यांचे करार तयार असतात, ते खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वीकारायचे असतात. खरी अडचण येते ती गल्लीतल्या संगणक दुरुस्ती करणाऱ्याची आणि अर्धवेळ मदतनिसाची. त्यांच्यासाठी एका पानाचे मराठी पत्र करावे : ही माहिती फक्त या कामासाठी वापरीन, दुसऱ्याला देणार नाही, काम संपल्यावर काढून टाकीन. त्यावर सही घ्यावी.

नको म्हणण्याची सोय

ज्यांना कॅलिफोर्नियाचा मुख्य कायदा लागू होतो, त्यांनी ‘डू नॉट सेल ऑर शेअर माय पर्सनल इन्फर्मेशन’ अशी लिंक द्यायची असते. तिच्याऐवजी ‘युअर प्रायव्हसी चॉइसेस’ हे नावही चालते. पण केवळ लिंक देऊन भागत नाही. ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ नावाचा एक इशारा ग्राहकाचा ब्राउझर आपोआप पाठवतो. फायरफॉक्स, ब्रेव्ह आणि डकडकगो यांत ती सोय आहे. हा इशारा म्हणजे ग्राहकाने दिलेला नकारच समजावा, असे कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, टेक्सास, न्यू जर्सी आदी राज्ये मानतात. ऑगस्ट २०२२ मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांशी १२ लाख डॉलर भरून तडजोड केली. ग्राहकांची माहिती ट्रॅकरमार्फत देणे ही विक्री असल्याचे न सांगणे आणि हा इशारा न पाळणे, असे आरोप तिच्यावर होते. मार्च २०२५ मध्ये होंडाच्या अमेरिकी कंपनीला ६ लाख ३२ हजार ५०० डॉलर भरावे लागले. तिथे नकार नोंदवण्यासाठी ग्राहकाकडून गरजेपेक्षा अधिक तपशील मागितले जात होते आणि कुकीच्या खिडकीत, म्हणजे माग काढण्याची परवानगी मागणाऱ्या चौकटीत, होकार एका क्लिकमध्ये मिळत असला तरी नकाराला जास्त क्लिक लागत होते.

होंडाच्या प्रकरणातला दुसरा मुद्दा आपल्याकडच्या असंख्य संकेतस्थळांना जसाच्या तसा लागू पडतो. ‘सर्व स्वीकारा’ हे हिरवेगार मोठे बटण आणि नकारासाठी फिकट राखाडी अक्षरांत ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’ अशी रचना करू नये. दोन्ही बटणे सारख्या आकाराची, सारख्या रंगाची आणि शेजारी शेजारी असावीत. आणि ‘नाकारा’ दाबल्यावर पुन्हा एफ-१२ दाबून पाहावे, कारण कित्येकदा खिडकी निघून जाते आणि पिक्सेल चालूच राहतो. खिडकी ही नुसती शोभेची वस्तू असल्याचे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी आधी नेटवर्कची यादी पाहतो, मग खिडकी.

बाईंच्या बाबतीत आम्ही सोपा मार्ग घेतला आणि पिक्सेल काढूनच टाकला. त्यांचे गिऱ्हाईक एकमेकांच्या सांगण्यावरून येते, जाहिरातीवरून नाही. ज्याला जाहिरातीशिवाय चालत नाही, त्याने मेटाच्या पिक्सेलमधले ‘लिमिटेड डेटा यूज’ आणि गूगल अ‍ॅड्समधले ‘रिस्ट्रिक्टेड डेटा प्रोसेसिंग’ हे पर्याय अमेरिकी ग्राहकांसाठी सुरू करावेत आणि आजाराशी संबंधित पानांवर पिक्सेल मुळीच ठेवू नये.

‘माझी माहिती काढा’ असे पत्र आले तर

अशा पत्राला बहुतेक राज्यांत ४५ दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि कारण कळवून आणखी ४५ दिवस घेता येतात. कॅलिफोर्नियात पत्र मिळाल्याची पोच कामकाजाच्या १० दिवसांत, तर विक्री वा शेअरिंग थांबवण्याची अंमलबजावणी कामकाजाच्या १५ दिवसांत अपेक्षित असते. कायदा लागू नसला तरी हीच मुदत पाळावी, असे मी सुचवतो, कारण मुदत ठरलेली नसली की काम ‘बघू’वर जाते.

आधी मागणारा खरा ग्राहकच आहे, याची खात्री करावी. ऑर्डर दिलेल्या इमेलवरूनच पत्र आले असेल आणि ऑर्डरचा क्रमांक जुळत असेल तर ते पुरेसे आहे. पासपोर्टची प्रत मागणे म्हणजे एक माहिती काढण्यासाठी त्याहून नाजूक माहिती गोळा करणे होय. नुसती जाहिरात थांबवायची असेल तर एवढीही ओळख मागू नये. मग मोजदादीचा कागद घ्यावा आणि त्यातल्या प्रत्येक जागेवर खूण करत जावे. कागदाचा खरा उपयोग इथे होतो : अकरा जागा लिहिलेल्या असतील तर पॅकिंगच्या मोबाइलमधली ब्रॉडकास्ट यादी नजरेतून सुटत नाही.

सर्वच काही काढता येत नाही, हेही ग्राहकाला सांगावे लागते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात, त्यामुळे बिल नष्ट करता येणार नाही. कायद्याने ठेवावीच लागणारी माहिती अमेरिकेतले कायदेही काढायला सांगत नाहीत. मात्र बिल ठेवायचे म्हणून फोन क्रमांक, अ‍ॅलर्जीची टीप आणि नातवाचा वाढदिवस ठेवण्याचे कारण नाही. आम्ही आता असे उत्तर पाठवतो : “आपली माहिती संकेतस्थळ, संदेश यादी, इमेल सेवा आणि कुरिअरची पत्तावही यांतून काढली आहे. कराच्या कायद्यामुळे बिलावरील नाव व पत्ता ठरलेल्या मुदतीपर्यंत हिशेबात राहील आणि त्याचा अन्य वापर होणार नाही.” अशा पत्रांची एक वही ठेवावी. कॅलिफोर्नियाच्या नियमांत या नोंदी किमान २४ महिने ठेवण्यास सांगितले आहे.

आणि आपला स्वतःचा कायदा

अमेरिकेच्या उंबरठ्यांनी सुटलेला माणूस इथे मात्र सुटत नाही. ‘डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यवसायांवरची मुख्य बंधने नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. उलाढालीचा वा ग्राहकसंख्येचा किमान आकडा त्यात नाही. भारतात हाताळली जाणारी डिजिटल वैयक्तिक माहिती त्याच्या कक्षेत येते, मग ती माहिती सॅन होजेच्या मुलीची का असेना. परदेशातल्या व्यक्तीशी झालेल्या करारानुसार परदेशातल्याच लोकांची माहिती इथे हाताळली तर बऱ्याच कलमांतून सूट आहे. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या, परदेशी कंपन्यांची कामे करणाऱ्या कार्यालयांना ती उपयोगी पडेल. पण फराळाची ऑर्डर ठाण्यातल्या वडिलांनी दिली असेल तर करार इथल्या माणसाशी झालेला असतो आणि ती सूट मागता येत नाही. शिवाय सुरक्षेची जबाबदारी सूट असतानाही कायम राहते.

या कायद्यातला फरक रोजच्या कामात असा दिसतो. ग्राहकाने फराळ पोचवण्यासाठी स्वतःहून पत्ता दिला, तर फराळ पोचवण्यासाठी तो वापरता येतो. पुढच्या दिवाळीच्या जाहिरातीसाठी मात्र वेगळी संमती हवी. ती आधीच टिक केलेल्या चौकटीतून घेता येणार नाही आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. कोणती माहिती, कशासाठी, संमती कशी मागे घ्यावी आणि केंद्राच्या डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करावी, हे सांगणारी सूचना स्वतंत्रपणे वाचून समजेल अशी असावी. ती इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. आपल्या ग्राहकाला ती मराठीत देणे अवघड नाही, फक्त ती यंत्राने भाषांतरित केलेली नसावी. तक्रारीचे निवारण जास्तीत जास्त ९० दिवसांत करायचे आहे. १८ वर्षांखालील ग्राहकासाठी पालकाची पडताळलेली संमती लागते, त्यामुळे मुलांचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांनी नोंदणी पालकाच्या नावाने करणे श्रेयस्कर.

माहिती फुटली, तर डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित प्रत्येक ग्राहकाला विनाविलंब कळवावे लागते. मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा असतो. सायबर घटनांसाठी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये घातलेली ६ तासांची मुदत वेगळी आहे. अमेरिकेत तर पन्नासही राज्यांत माहिती फुटल्याचे कळवण्याचे कायदे आहेत. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल आपल्याकडे दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. फराळाच्या दुकानाला कोणी २५० कोटी लावणार नाही, पण ग्राहकांची यादी असलेला लॅपटॉप ठाणे स्थानकावर गर्दीत हरवणे ही घटना अजिबात अशक्य कोटीतली नाही. त्यासाठी लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करावी (विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ असतेच), संकेतस्थळाच्या प्रशासक खात्याला पासवर्डच्या जोडीला ओटीपीची दुसरी पायरी लावावी, नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येकाचे खाते त्याच दिवशी बंद करावे आणि कोणी कधी माहिती उघडली याच्या नोंदी वर्षभर ठेवाव्यात. बाईंच्या संकेतस्थळावर प्रशासकाची सहा खाती निघाली, त्यांतली दोन कोणाची ते आजतागायत कळलेले नाही.

वर्षातून एकदा हे सर्व पुन्हा तपासावे लागते. कॅलिफोर्नियाचा कायदा लागू असलेल्यांनी तर धोरण दर १२ महिन्यांनी अद्ययावत केलेच पाहिजे. आम्ही त्यासाठी आषाढ ठरवला आहे : त्या महिन्यात ऑर्डरी नसतात, बाईंना वेळ असतो आणि गणपतीआधी चुका दुरुस्त करायला सवड मिळते. त्या दिवशी खोट्या नावाने अर्धा किलो भाजणी पुन्हा मागवली जाते, आठ दिवसांनी तिचा माग काढला जातो आणि धोरणाखालची तारीख बदलली जाते. गेल्या आषाढात ते नाव सात ठिकाणी सापडले.